सरासरीचा पावसाळा

माझ्या नोकरीचं काम सांगितलं की समोरचा माणूस एकदा तरी परत विचारायचा, "म्हणजे नेमकं काय मोजता?" समुद्राच्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव मोजते, असं मी सांगायची. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "चिंचवडमध्ये?" हो, चिंचवडमध्ये. एका बाजूला पत्रा कापणारं प्रेस शॉप, दुसऱ्या बाजूला रबराचे वॉशर करणारा कारखाना आणि मधल्या शेडच्या वरच्या मजल्यावर आमची पाणी तपासायची लॅब. शेजारचा प्रेस पडला की माझ्या सूक्ष्मदर्शकाखालचा समुद्र हादरायचा. मी थांबायची, सगळं पुन्हा जागच्या जागी येऊ द्यायची आणि सोडलेल्या चौकोनापासून परत मोजायला लागायची. अशी बावीस वर्षं काढली.

मी मूळची अंबाजोगाईकडची. आमच्याकडे पाणी दिसलं की आधी ते प्यायचं आहे का वापरायचं, एवढंच विचारतात. त्यात कोण राहतं असं कुणी विचारत नाही. वनस्पतीशास्त्राची पदवी घेतली, लग्न होऊन संत तुकाराम नगरात आले, नवरा पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. लॅबच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, मुलाखतीत एकच विचारलं होतं. "शैलाबाई, एका जागी किती वेळ बसू शकता?" मी म्हटलं, स्वयंपाकाची वेळ होईपर्यंत. सर हसले आणि नोकरी लागली.

या अंकाच्या संपादकांनी गमतीचे अनुभव लिहा म्हणून सांगितलंय. गमतीचेही आहेत. ते आधी लिहिते, म्हणजे ज्यांना तेवढंच वाचून थांबायचं असेल त्यांना थांबता येईल.

पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीचे चेअरमन एकदा पोहण्याच्या तलावाचं हिरवं पाणी जारमध्ये भरून घेऊन आले. त्यांना पाण्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचा संशय बी विंगमधल्या एका भाडेकरूवर होता. तो आंघोळ न करता पाण्यात उतरतो, हे आमच्या अहवालात आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. गोड्या पाण्यातलं एक शेवाळ होतं, चार पेशी एकमेकींना चिकटून ओळीत बसलेल्या, अगदी बाकावर बसलेल्या चौघी बायांसारख्या. चेअरमननी बराच वेळ डोळा लावला आणि विचारलं, "यातली बी विंगची कोणती?"

दुसरे एक गृहस्थ चाकणहून यायचे. त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना दर वेळी इतका निर्मळ असायचा, की आमचे स्टोअरकीपर दत्तोबा एकदा त्यांच्या तोंडावरच म्हणाले, "सायेब, आमी निघोजेत ऱ्हातो. तुमच्या कंपनीच्या मागचाच वढा हाय आमचा. येवढं चांगलं पानी आमाला द्या की हो, प्यायला व्हईल." साहेबांनी पुढच्या महिन्यापासून नमुना कुरिअरने पाठवायला सुरुवात केली.

गमतीचं इथे संपलं.

समुद्राचं काम आमच्याकडे कसं आलं ते सांगते. कोकणात एक नदी आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना मी तोंड दाखवण्यासारखी राहिलेली नाही. त्या नदीकाठी, वरच्या अंगाला कारखान्यांचा एक समूह होता आणि त्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडलं जायचं. नदी जिथे खाडी होऊन समुद्राला मिळते, तिथल्या पाण्याचा नमुना दर महिन्याला तपासून वर्षाअखेर अहवाल द्यायचा, अशी त्यांच्यावर अट होती. ते काम आमच्या सरांना मिळालं आणि माझ्या टेबलावर आलं.

मी जे मोजायची त्यांना पुस्तकात वनस्पतीप्लवक म्हणतात. पाण्यावर तरंगणारी, उन्हावर जगणारी इवलीशी झाडंच ती. काही काचेच्या डबीत राहतात, त्यांना डायटम म्हणतात. काहींना दोन शेपट्या असतात. समुद्रातली झाडून सगळी मासळी, तिसऱ्या-कालवांसारखे शिंपले शेवटी यांच्याच जिवावर पोसतात. नदीच्या तोंडाशी यांचं वर्ष ठरलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी खारं, नितळ, खायला फारसं काही नाही, म्हणून वस्ती बेताची. पावसाळ्यात नदी गढूळ गोडं पाणी आणून ओतते. खाऱ्या पाण्यातले त्या गोड्या पाण्यात तग धरत नाहीत, गाळामुळे ऊन खाली पोचत नाही, आणि नदीतलेच काही पाहुणे वाहून येऊन थोडे दिवस दिसतात. पावसाचा जोर ओसरला, गाळ खाली बसला की नदीने आणलेलं खत तेवढं पाण्यात उरतं. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात डायटमना असा बहर येतो की मोजून अंगठा दुखतो. थंडीत सगळं हळूहळू निवळतं. हे इतकं सांगितलं, कारण पुढचं सगळं या पावसाळ्यावरच आहे.

माझ्या हातात एक टकटकी असायची. एक जीव दिसला की अंगठ्याने एकदा दाबायची, आकडा एकाने पुढे जातो. काचेची एक पट्टी असते, तीत एक मिलिलिटर पाणी मावतं आणि तिच्यावर हजार चौकोन आखलेले असतात. चौकोनामागून चौकोन बघत जायचं. पुढे पुढे घरी तांदूळ निवडतानाही माझा अंगठा हलायचा. नवरा म्हणायचा, "किती झाले?"

नमुने भरून पाठवायचं काम तिथल्याच एका मच्छीमाराकडे होतं. गजाभाऊ. मी महिन्याच्या सुरुवातीला आयोडीनचा द्राव घातलेल्या रिकाम्या बाटल्या थर्माकोलच्या खोक्यातून एसटीने पाठवायची. ते होडीने खाडीच्या तोंडाशी जाऊन त्या भरायचे आणि परतीच्या एसटीने पाठवायचे. आयोडीनमुळे जीव जसेच्या तसे राहतात, मात्र पाण्याचा मूळ रंग जातो. हिरवं असो, तांबडं असो, माझ्यापर्यंत येईपर्यंत सगळा समुद्र कोऱ्या चहाच्या रंगाचा झालेला असायचा. सकाळी वल्लभनगर स्टँडवर पार्सल उतरलं की दत्तोबा मला हाक मारायचे, "म्याडम, तुमचा समिंदर आलाय. घिऊन येतो."

गजाभाऊ बाटलीला रबरबँड लावून त्याखाली एक चिठ्ठी खोचायचे. वहीच्या पानाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने दोन ओळी. "आज पाणी तांबडा होता." "वारो दक्षिणेचो. पाण्यार फेस." "तिसरे बारीक झाले हत." तिसरे म्हणजे तिसऱ्या, शिंपल्यातली मासळी. त्यांची बायको ओहोटीला खाडीत बसून तिसऱ्या काढायची आणि बाजारात विकायची. गावातल्या पुष्कळ बाया काढायच्या. मी सुरुवातीला या चिठ्ठ्या सरांना दाखवल्या. सर म्हणाले, "शैलाबाई, आपण बाटलीचा अहवाल देतो, चिठ्ठीचा नाही." खरंही होतं ते. चिठ्ठी खोक्याच्या कागदांबरोबर टोपलीत जाऊ लागली. माझ्याच टेबलाखालच्या टोपलीत.

पहिल्या वर्षी जून, जुलै, ऑगस्टच्या बाटल्या आल्याच नाहीत. मी फोन केला. गजाभाऊ म्हणाले, "ताई, पावसात होडी कोण काढता? होडये वर ओढून ठेवलंव. नारळी पुनवेनंतर बघया."

वर्षाच्या तक्त्यात तीन रकाने रिकामे राहिले. कारखान्यांच्या समूहाच्या कार्यालयातून निरोप आला की तक्ता पूर्ण हवा, रिकामे रकाने असले तर अहवाल परत येतो. सर म्हणाले, "मे आणि सप्टेंबरची सरासरी काढा आणि भरा. खाली टीप द्या." आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. मधला एखादा नमुना फुटला, सांडला, तर आजूबाजूच्या दोघांची सरासरी घेतात. मी घेतली. तिन्ही आकड्यांच्या डोक्यावर एकेक चांदणी काढली आणि खाली लिहिलं, "या महिन्यांत नमुने घेतलेले नाहीत."

दुसऱ्या वर्षी त्या कार्यालयातल्या कारकुनाचा फोन आला. "मॅडम, आकड्यावर हे फूल कशाला काढलंय?" मी समजावलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच, कारण कारकून बदलला होता. चौथ्या वर्षी त्यांनी तक्ता कॉम्प्युटरवर भरायला घेतला. आकड्याच्या रकान्यात चांदणी टाकली की तो रकाना घ्यायचाच नाही. एका दुपारी तीनदा फोन झाले. दुसऱ्या दिवशी मुलीची बारावीची परीक्षा होती, मला वेळेवर घरी जायचं होतं. मी चांदण्या काढून टाकल्या. चांदण्याच नाहीत म्हटल्यावर टीप कशाला, म्हणून तीही काढली. तक्ता एका झटक्यात गेला. त्यानंतर मला कुणाचा फोन आला नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

त्या वर्षापासून कागदावर एक पावसाळा तयार झाला जो कधी पडलाच नव्हता. मे महिना बेताचा, सप्टेंबर बहराचा, आणि त्यांच्या मधोमध बसलेले तीन समंजस महिने. ना गाळ, ना गोडं पाणी, ना पूर. वनस्पतीशास्त्र शिकलेल्या बाईला तो तक्ता बघून हसू यायला हवं होतं. मी त्याखाली सही करत होते. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, नवे आकडे भरायचे, शेवटचं वाक्य तसंच ठेवायचं. वाक्य होतं, "दिसून आलेले बदल ऋतुमानानुसार नैसर्गिक आहेत." तेही माझंच.

अशी काही वर्षं गेली, आणि एका जुलैत दत्तोबा खोकं घेऊन वर आले. "म्याडम, ह्या म्हयन्याला समिंदर येत न्हाई ना? पर आलाय." आत जुलैची बाटली होती. पुढच्या महिन्यात ऑगस्टचीही आली. गजाभाऊंनी मागच्या वेळच्या उरलेल्या बाटल्या जपून ठेवल्या होत्या आणि भर पावसात, होडी नसताना, खडकावर उतरून दोरी बांधून त्या भरल्या होत्या. जुलैच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "ताई, पावसातलो समुद्र तुमी कधी बघूक नाय. म्हणान पाठवलंय. औंदा पाणी लय वायट दिसता. मोजून सांगा."

मी सरांकडे गेले. सर चिडले नाहीत. ते कधीच चिडायचे नाहीत, हीच अडचण होती. म्हणाले, "गजाभाऊंशी आपला करार नऊच बाटल्यांचा. याला जॉब नंबर नाही. आणि मोजलंत तर लिहावं लागेल. लिहिलंत तर मागच्या सगळ्या पावसाळ्यांचं काय करायचं, ते मला सांगा." मी बाटल्या कपाटात ठेवल्या.

पण एकदा जेवणाच्या सुट्टीत मला राहवलं नाही. जुलैच्या बाटलीतला एक थेंब काचेवर घेतला. गाळच गाळ होता. गाळात शोधता शोधता मला त्या दिसल्या, बाकावर बसलेल्या चौघी. पिंपळे सौदागरच्या तलावातलं ते गोड्या पाण्यातलं शेवाळ समुद्राच्या तोंडाशी येऊन बसलं होतं. एक नाही, पुष्कळ. समुद्राची म्हणावी अशी काचेची डबी एखाददुसरीच, तीही फुटकी. दोन चौकोन बघून मी डोळा काढला. टकटकीला हात लावला नाही. आकडा झाला असता तर तो माझ्याजवळ राहिला असता.

आपला तक्ता खोटा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. लोक म्हणतील, नोकरी होती, काय करणार बिचारी. नोकरी होतीच. नवऱ्याची कंपनी नुकतीच बंद पडली होती, तो चाकणला कंत्राटावर जायचा, आज शिफ्ट आहे तर उद्या नाही. पण मला कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नये.

त्या कारखान्यांना नदीत आणखी पाणी सोडायची परवानगी हवी होती. त्यासाठी खाडीवरच्या गावात जनसुनावणी ठेवली. सरांनी मला बरोबर नेलं, कारण तक्त्यावर सही माझी होती. इतकी वर्षं समुद्र मोजून मी तो पहिल्यांदा बघितला, शाळेच्या पटांगणातल्या मांडवातून, दोन माडांच्या मधून. मोठा होता. त्याचा रंग कोऱ्या चहासारखा नव्हता.

मांडवात बाया पुढे बसल्या होत्या. तिसऱ्या कमी झाल्यात, ज्या मिळतात त्या रिकाम्या निघतात, नदीतून येणाऱ्या पाण्याने खाडी मरते आहे, असं एकेकीने उठून सांगितलं. मग कारखान्यांच्या बाजूचे तज्ज्ञ उठले. सभ्य गृहस्थ होते, आवाज मऊ. त्यांनी पडद्यावर माझा तक्ता लावला आणि म्हणाले, "नदीचं सर्वांत जास्त पाणी समुद्रात कधी येतं? पावसाळ्यात. आता हे बघा, वर्षानुवर्षं जून, जुलै, ऑगस्टचे आकडे. कुठेही घसरण नाही. म्हणजे नदीतून जे काही येतं, त्याचा इथल्या समुद्रावर परिणाम होत नाही, हे आकड्यांवरूनच सिद्ध होतं."

मी खुर्चीत बसून होते. इतकी वर्षं आळसाने भरलेले ते तीन रकाने असे उभे राहून साक्ष देतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. कंटाळ्यातून झालेल्या चुकीला एवढा अर्थ असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अध्यक्ष अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे आकडे आपल्या प्रयोगशाळेचे आहेत?" सर म्हणाले, "हो." मग अधिकारी माझ्याकडे वळले, "ही सही आपली?"

"हो," मी उभी राहून म्हटलं.

त्यानंतर मी बोलायला हवं होतं. "सही माझी आहे, पण." एवढं पुरलं असतं. अधिकारी दोन क्षण थांबलेही होते, अजून काही असेल म्हणून. सरांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. मी पाणी प्यायले आणि खाली बसले.

मागच्या रांगेतून एक उंच, काळसर माणूस उठला. आवाजावरून मी ओळखलं. "सायबांनू, बाटल्ये मी भरतंय. औंदाच्ये दोन बाटल्ये सोडल्यार पावसात मी बाटली भरूकच नाय. मगे ह्यो आकडो खंयसून इलो?"

अधिकारी म्हणाले, "आपलं नाव आणि म्हणणं लेखी द्या. तोंडी मुद्दे दोनदा घेता येत नाहीत." गजाभाऊ सकाळी एकदा बोलून गेले होते म्हणे, होडीच्या जागेबद्दल. ते उभेच राहिले. त्यांनी अधिकाऱ्यांकडे बघितलं नाही, तज्ज्ञांकडेही नाही. माझ्याकडे बघत होते. फोनवर इतकी वर्षं ताई ताई म्हणत आलेल्या माणसाने मला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते.

परवानगी मिळाली. पुढच्या महिन्यात मी खोकं पाठवलं, ते भरून आलं. बाटलीला रबरबँड होतं, त्याखाली चिठ्ठी नव्हती. वर्ष संपल्यावर त्यांनी काम सोडलं.

त्यानंतर तिसऱ्यांचं काय झालं ते मला अहवालातून कळणं शक्य नव्हतं. आम्ही तिसऱ्या मोजत नव्हतो. लॅब निघोजेला हलली तेव्हा दत्तोबांनी कपाट रिकामं केलं. "म्याडम, ह्या दोन बाटल्या जुन्या हायत. टाकू का?" मी उजेडात धरून बघितल्या. आयोडीन दर काही महिन्यांनी थोडं वाढवावं लागतं, नाहीतर त्याचा रंग उडतो आणि आतलं सगळं कुजून जातं. नव्या मुलींना हे शिकवणारी मीच. दोन्ही बाटल्यांतलं पाणी पांढरं पडलं होतं, तळाशी बुरशीचा गोळा. जुलैचा मी एक थेंब तरी पाहिला होता. ऑगस्ट कुणीच पाहिला नाही. दत्तोबांना म्हटलं, टाका.

निवृत्त झाल्यावर मी तक्ता मागवणाऱ्या त्या कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं. चांदण्यांपासून सगळं. उत्तर आलं, नाही असं नाही. सदर तक्ता आता पुढील कामांसाठी मूळ स्थितीचा आधार म्हणून स्वीकारलेला असल्याने त्यात बदल करता येणार नाही. म्हणजे यापुढे त्या समुद्राचं काहीही झालं, तरी ते माझ्या खोट्या पावसाळ्याशी ताडून बघतील. सर आता नाहीत. सही आहे.

हे सगळं मी बहुधा लिहिलं नसतं. पण गेल्या महिन्यात मुलीकडे पिंपळे सौदागरला गेले होते. तिथून निघून भाजी घ्यायला म्हणून शेजारच्या सोसायटीच्या गेटसमोरून चालले होते. गेटवर खुर्ची टाकून एक वॉचमन बसला होता. उंच, काळसर. गणवेश आखूड पडत होता. मी थबकले तसा तोही बघायला लागला. मग उठून उभा राहिला.

"ताई ना तुमी? लॅबच्या?"

मी हो म्हटलं. त्यांनी खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. गजाभाऊंनीच सांगितलं, काही विचारावं लागलं नाही. खाडीत आता तिसरे गावनत नाय. बायकोचा धंदा बसला, होडी विकली. मुलाला चाकणला कंपनीत काम मिळालं, तो आई-बापाला घेऊन आला. "हंय पाणी पण टँकराचा," ते म्हणाले आणि थोडं हसले.

मी त्यांना सांगितलं. तिथेच, गेटवर उभ्या उभ्या. चांदण्या, फोन, सरासरी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. रागवले असते तर मला सोपं गेलं असतं.

"ता माका ठावक होता," ते म्हणाले. "त्याच दिसा कळला." मग त्यांनी विचारलं, "मगे त्या दोन बाटल्यांत काय होता, ताई?"

इतकी वर्षं त्यांना तेवढंच विचारायचं होतं. मी म्हटलं, जुलैत गोड्या पाण्यातलं शेवाळ होतं, समुद्राचं जवळजवळ काहीच नव्हतं, तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. "आणि ऑगस्टात?" मी म्हटलं, मोजली नाही. खराब झाली.

"माका वाटलेला, मोजतल्यात तुमी," ते म्हणाले. एवढंच. खडकावरून उतरताना त्या वेळी गुडघा फुटला होता, असंही बोलता बोलता म्हणाले, तक्रार म्हणून नाही.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. त्यांनी गेट उघडलं, टँकर भर्रकन आत गेला. ते परत येऊन टेबलावरच्या रजिस्टरमध्ये लिहू लागले. तारीख, वेळ, कोणत्या विंगला. गाडीच्या नंबरच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. सुपरवायझर फेरीवर आला होता, तिशीतला मुलगा, त्याने वाकून बघितलं.

"काका, इथं नंबर टाका की राव. चेकिंगला रिकामं चालत नाही."

"नंबर दिसाक नाय. चिखल होतो पाटयेर."

"मग कालचा टाका ना. तोच टँकर असतो रोज."

"तोच कशावरून?" गजाभाऊ म्हणाले. "माका दिसाक नाय."

सुपरवायझर कपाळाला हात लावून निघून गेला. गजाभाऊंनी पेनाला टोपण लावलं आणि वही बंद करण्याआधी पान माझ्याकडे वळवलं. त्यांना ते मला दाखवायचं होतं, की ते नुसती शाई वाळू देत होते, हे मी विचारलं नाही. सरळ रेघांमध्ये एक चौकोन रिकामा होता. मला असे दर वर्षी तीनच ठेवायचे होते.